ओरिजिन ॲक्शन, नवी चॅसी: फिटिंग कुठवर आलं

माझ्या रायफलीची ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर जिच्यात बसतात तो मधला धातूचा भाग) नव्या चॅसीत, म्हणजे दस्त्याच्या जागी येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात, बसली. दोन्ही स्क्रू ६५ इंच-पाउंडांवर, म्हणजे साधारण ७.३ न्यूटन-मीटरवर आवळलेत आणि बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता दांडा) सुट्या ॲक्शनमध्ये चालत होता तसाच आताही सुळसुळीत चालतोय. रेंजवर अजून गेलेलो नाही. तरी इथवरचं काम लिहून ठेवतो, कारण डॅलसमधले आपले दोघंतिघं नेमबाज याच वाटेवर आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "सातशेच्या फुटप्रिंटची आहे ना, मग थेट बसेल की!"

थेट बसेल असं धरून चालू नका. रेमिंग्टन ७०० ही रायफल १९६२ ची. तिच्या तळाची मापं, म्हणजेच फुटप्रिंट, इतकी रुळली, की डिफायन्स, इम्पॅक्ट, झर्मॅटची ओरिजिन अशा कितीतरी कस्टम ॲक्शन त्याच मापांवर बनतात. पण फुटप्रिंट जुळतं म्हणजे जुळतं काय? ॲक्शनचा गोल घेर, दोन स्क्रूंमधलं अंतर, त्यांचे पाव इंची, इंचाला २८ वाले आटे आणि ट्रिगर टांगायची जागा. बाकीचं ज्याने त्याने आपल्या डोक्याने केलेलं असतं. मूळ ७०० चा रिकॉइल लग (ॲक्शनखालचा, धक्का झेलणारा खुंट) ०.१८७ इंच जाडीचा, नंतर आलेले बरेचसे ०.२५० चे, काही त्याहूनही जाड. बोल्ट रिलीज (बोल्ट बाहेर काढायची कळ) मूळ रायफलीत ट्रिगरच्या पुढे, गार्डच्या आत. कस्टम ॲक्शनमध्ये बहुधा डाव्या अंगाला. बोल्टच्या मुठीचा बुंधाही कमीजास्त. चॅसीत या तिन्हींना जागा ठेवलीये का, हे ज्याचं त्यानेच तपासायचं.

मी सुरुवात केली ती नुसत्या बॅरल लावलेल्या ॲक्शनने. बोल्ट बाहेर, चेंबर रिकामं असल्याची खात्री, आणि ट्रिगरही काढून बाजूला. ट्रिगर काढणं बरेच जण टाळतात, ते टाळू नका. ट्रिगरची पेटी चॅसीच्या भिंतीला कुठे टेकत असेल तर ॲक्शन तिच्यावर उचलून धरली जाते आणि स्क्रू आवळले की सगळं घट्ट बसल्याचा भास होतो. आधी नुसती ॲक्शन, मग ट्रिगर लावून पुन्हा तीच तपासणी. दोन्ही वेळा सारखंच बसलं तर ट्रिगर मोकळा आहे.

ॲक्शन कुठे टेकते तिथे ठसा उठावा म्हणून तिच्या पोटाला निळा मार्किंग रंग अगदी पातळ चोळला, चॅसीत ठेवली, हलका दाब देऊन सरळ वर उचलली. माझ्या चॅसीत बैठक व्ही आकाराची आहे. गोल ॲक्शन व्हीमध्ये दोन रेषांवरच टेकते, त्यामुळे दोन्ही बाजूंना बारीक, सलग निळ्या पट्ट्या उठायला हव्यात. उजवी पट्टी छान उठली. डावी मध्येच तुटत होती आणि तुटलेल्या जागेच्या किंचित वर, बोल्ट रिलीजच्या खाचेच्या कडेला, एक ठसठशीत निळा ठिपका. तिथे पातळ कागदाचा कपटाही सरकेना. रिलीजची पट्टी भिंतीला टेकून ॲक्शनला उजवीकडे रेटत होती. असंच ठेवलं असतं तर बैठक तिरकी राहिली असतीच, वर रिलीज पूर्ण परतली नसती आणि एखाद्या वेळी बोल्ट मागे ओढताना हातात आला असता.

बारीक कानशीने फक्त तो ठिपका घासला. थोडं घासायचं, पुसायचं, पुन्हा निळा लावून बघायचं. व्हीच्या बैठकीला कानस अजिबात लावायची नाही. तिथलं धातू एकदा गेलं की परत येत नाही. रिलीजभोवती कागद मोकळा फिरायला लागला आणि डावी पट्टी सलग उठली. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर काळा रंग मारला, इतकंच.

आवळताना रायफल नळी वर करून उभी धरली. म्हणजे ॲक्शन स्वतःच्या वजनाने खाली सरकते आणि लगची मागची बाजू चॅसीला टेकते. गोळी सुटल्यावरचा धक्का तिथेच जाणार असतो. मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून २०, ४०, ६५. पुढच्या स्क्रूची लांबी आधीच मोजून घ्या. काही ॲक्शनमध्ये ते भोक आरपार असतं आणि लांब स्क्रू आत बोल्टच्या लगला भिडतो. पुढचा स्क्रू आवळल्यावर बोल्ट जड झाला तर पहिला संशय त्याच्यावर.

खरा निकाल डायल गेजचा. मॅग्नेटिक बेस बॅरलवर लावला, कारण ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही (कार्बन फायबरची बॅरल असेल तर मात्र क्लॅम्पची सोय बघावी लागेल). टोक चॅसीच्या पुढच्या भागावर टेकवलं, काटा शून्यावर आणला आणि पुढचा स्क्रू सावकाश सैल केला. ॲक्शन ताणात बसली असेल तर स्क्रू सुटताच बॅरल हलतं आणि काटा फिरतो. दोन थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चालतं, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. माझा काटा एका थाऊच्याही आत राहिला. म्हणून इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे ॲक्शनखालच्या फटी इपॉक्सीने भरून बैठक करणं, करणार नाही. चॅसीत बेडिंग केलंच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी आधी डायल लावून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मॅगझिन एआयसीएस नमुन्याचं, म्हणजे अशा चॅसींमध्ये चालणारं, काढता-घालता येणारं. रिकामं मॅगझिन खालून वर दाबून धरलं तरी बोल्ट त्याच्या ओठांना घासत नाही. बारूद आणि प्रायमर नसलेली ६.५ क्रीडमूरची डमी काडतुसं सलग चेंबरमध्ये जातात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवल्यापासून कोल्हापूर-पुण्याकडचे मित्र .२२ च्या ॲल्युमिनियम स्टॉकबद्दल विचारत असतात. त्यांच्यासाठी एवढंच: अन्शुट्झ ५४ या .२२ च्या ॲक्शनचा तळ वेगळा आहे, ७०० साठीची चॅसी त्याला चालणार नाही, आणि माझा ६५ चा आकडाही तिकडे वापरू नका, स्टॉक बनवणाऱ्याने दिलेलाच घ्या. निळा रंग आणि डायलची परीक्षा मात्र जशीच्या तशी लागू पडते.

आता गालपट्टीची उंची आणि दस्त्याची लांबी बसवायची आहे, ती पालथं झोपून, स्कोप चढवल्यानंतर. पहिल्या गोळीबारानंतर दोन्ही स्क्रूंचा टॉर्क पुन्हा तपासेन आणि डायल पुन्हा लावेन. तेव्हाचे आकडे पुढच्या नोंदीत.