जुन्या फोर बाय फोरचा शोध, नोंद तिसरी: शाफ्टच्या फेऱ्या

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घेण्यासाठी मागील नोंदीत मी तीन लाखांची मर्यादा घालून घेतली होती आणि तिच्यात २०१० नंतरची महिंद्रा थार बसणार नाही, हे जळगाव-धुळ्याच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्यावर स्पष्ट झाले. उरली ती मारुतीची जिप्सी आणि महिंद्राची एमएम ५४० किंवा त्याच घराण्यातील एखादी डिझेल जीप.

आपल्याकडची जमीन पाहता ही निवड सोपी नाही. पावसाळ्यात काळी माती टायरच्या खाचा बुजवून टाकते आणि तेथे जेमतेम एक टनाची जिप्सी वजनाच्या जोरावर नव्हे, तर हलकेपणामुळे निभावून जाते. उलट सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांतील गोट्यांवरून इंजिनाच्या कमी फेऱ्यांत सावकाश चढायचे असेल, तर डिझेलची ओढ पेट्रोलच्या १२९८ सीसी इंजिनाला येत नाही. माझा कल त्यामुळे जीपकडे होता.

धुळ्याजवळ पाहिलेली जीप दिसायला उत्तम होती. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) नवे होते, क्रॉस (शाफ्टचे सांधे) घट्ट होते आणि फोर बाय फोरचा दांडा पडतही होता. तरीही मिस्त्रीने सुचवल्याप्रमाणे आम्ही पुढच्या-मागच्या दोन्ही हाउसिंगमधील (चाकांच्या जोडीमधल्या आसाच्या पेटीतील) क्राउन-पिनियन या दातेरी जोडीचे प्रमाण, म्हणजे क्राउनच्या एका फेरीला शाफ्ट किती फेऱ्या घेतो, ते तपासले. ट्रान्सफर (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टना, म्हणजे हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्यांना, वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये ठेवून, खाली राहणाऱ्या चाकांना दगड लावून (जुन्या काही जीपचा हँडब्रेक शाफ्टवरच धरतो, म्हणून तो सोडावा लागतो) मागचे एकच चाक जॅकवर उचलले, ते हाताने बरोबर दोन वेळा फिरवले आणि शाफ्टवर खडूने केलेली खूण किती वेळा फिरते ते मोजले. हाउसिंगमध्ये दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल असते आणि दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक फेरी होते आणि शाफ्टच्या फेऱ्या हेच प्रमाण ठरते. मागे सव्वाचार फेऱ्या आल्या. चाकाला आसाशी जोडणारा पुढचा हब लॉक करून तेच केले, तर पाचला थोड्या कमी भरल्या. कोणीतरी मागचे हाउसिंग दुसऱ्या गाडीचे बसवले होते.

या जीपमध्ये पुढच्या व मागच्या शाफ्टच्या मध्ये मात्र असे डिफरन्शियल नसते, त्यामुळे फोर बाय फोर लावताच दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. प्रमाण वेगळे असेल, तर चाके एकमेकांशी झगडतात. चिखलात ती घसरून हिशेब भागवतात. कोरड्या खडकावर मात्र तो ताण क्रॉस, शाफ्ट किंवा ट्रान्सफरच्या दातांवर येतो. विक्रेता म्हणाला, ‘चिखलात चालते ना?’ चालते, हे खरे आहे.

कागदही जुळत नव्हते. एमएम ५४० चे २११२ सीसीचे प्यूजो इंजिन काढून तेथे २५२३ सीसीचे डीआय डिझेल इंजिन बसवलेले होते आणि आरसीवर त्याची नोंद नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीने करून आरसीवर नोंदवावा लागतो. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी पाच वर्षांसाठीच मिळते आणि ती वेळ आली की आरटीओच्या पासिंगला (तपासणीला) हे प्रकरण माझ्या गळ्यात पडले असते. जीप सोडली.

चोपड्याच्या बाजूला एक जिप्सी आहे. तिचे लो-गिअर (चढासाठीचे कमी वेगाचे गिअर) नीट पडते. रेताड जागेवर फोर बाय फोरमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून फिरवले, तेव्हा पुढच्या सीव्ही जॉइंटचा (वळतानाही चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कटकट आवाज आला नाही. चेसिसच्या मागच्या टोकाला मात्र स्क्रूड्रायव्हर टोचताच पापुद्रे निघाले. तेवढा भाग खरवडून पाहिल्याशिवाय गंज वरवरचा आहे की पत्राच संपला आहे, हे कळणार नाही. मालकाने खरवडायला परवानगी दिली आहे. रेडिएटरची परीक्षा मात्र मी मुद्दाम दुपारी दोन वाजता, उन्हात उभी राहिलेली गाडी लो-गिअरमध्ये अर्धा तास चढावर चालवून घेणार आहे, कारण जळगावच्या पंचेचाळीस अंशांत सकाळी घेतलेल्या चाचणीला काहीच अर्थ नाही. येत्या रविवारी खडू, जॅक आणि हातोडी घेऊन पुन्हा जायचे आहे.