पाच सुतांतली वारी : आमची वाटचाल

"किती इंच खोल कोरणार?" आमच्या लाकडी कोरीवकामाच्या कारखान्यात चौकशीला येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न अजूनही हाच असतो. वडिलांच्या काळात भावही त्यावरच ठरायचा. ते मूळचे दारं-चौकटी करणारे सुतार. पुण्यात जुने वाडे उतरू लागले तसं तिथल्या तुळया-खांबांचं सागवान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्यायचं आणि त्यातून देवघरं, गणेशपट्ट्या, वेलबुट्टीची दारं करायची, हा त्यांचा धंदा. नक्षी सगळीकडे सारख्याच खोलीची, मागची जमीन सपाट. त्या कामाला ते शोभतंही. वेल चौकटीवर चढायला हवी, चौकटीच्या आत शिरायला नको.

माणसांची दृश्यं मागायला लोक आले आणि कामाचा नूरच बदलला. वारी, राज्याभिषेक, कोकणातलं अंगण. फळी दीड इंची, रंधा मारून सव्वा इंच उरते. त्यातली निम्मी जाडी पाठीला सोडावीच लागते, नाहीतर पावसाळ्यात फळी बाक धरते. कोरायला राहतात पाच सूत, म्हणजे जेमतेम सोळा मिलिमीटर. आणि त्यात वारकऱ्यांच्या चार रांगा बसवायच्या!

नवशिक्या इथे सरळ भागाकार करतो. पहिली रांग वर, दुसरी सव्वा सूत खाली, तिसरी त्याहून खाली. मग वारी दिसत नाही, पायऱ्या दिसतात. आमच्या कारखान्यात मुरलेली पद्धत वेगळी आहे. पुढच्या वारकऱ्याच्या खांद्यामागे पटाशी एकदम दोन सूत खाली उतरवायची. तिथून मागच्या माणसाचा दंड सुरू होतो. तो हळूहळू वर चढवत जवळजवळ पुढच्याच्याच पातळीला आणायचा आणि त्याच्या पलीकडच्या कडेला पुन्हा तसाच खडा उतार द्यायचा. तीच दोन सुतं प्रत्येक रांगेला नव्याने वापरता येतात. बघणाऱ्याला फक्त कडेची सावली दिसते, आणि हा पुढे, तो मागे हे त्याचा डोळा परस्पर ठरवून टाकतो. जवळच्या माणसाच्या कडा धारदार ठेवायच्या, लांबच्याच्या मऊ. शेवटच्या रांगेला तर नाक-डोळेही नसतात. पताका म्हणजे नुसते ओरखडे.

गोल वस्तू हा आणखी एक सापळा. पखवाजाचं तोंड कंपासने आखून तसंच कोरलं की ते फळीवर चिकटवल्यासारखं दिसतं. ते तिरपं, लंबगोलच हवं. चेहरा थोडा वळलेला असेल तर पलीकडचा गाल जवळपास नसतोच, पलीकडचा डोळा आखूड होतो, आणि नाकाचा शेंडा फळीच्या मूळ पातळीला टेकलेला राहतो. मूळ पातळी चित्रात कुठे ना कुठे शिल्लक राहिलीच पाहिजे, नाहीतर पाच सुतांतलं एक सूत फुकट गेलं म्हणून समजा.

टाळ धरलेल्या हाताच्या मागून गोल पटाशी तिरपी घालून आतलं लाकूड काढतो. हात फळीपासून सुटल्यासारखा होतो आणि त्याच्यामागे काळीभोर सावली बसते. मात्र साग आडव्या तंतूंना ठिसूळ, हातोडीचा एक ठोका जास्त पडला की बोट गेलं. म्हणून वीणेची दांडी, बोटं, पताकांच्या काठ्या यांचा रोख तंतूंच्या दिशेने येईल अशी फळी आधीच निवडतो. सरळ तंतूंचं बल्लारशाचं साग महाग पडतं. पडू दे.

नव्या पोराच्या हातात पटाशी देण्याआधी आम्ही त्याला वेरूळला नेतो. कैलास लेण्यात आठव्या शतकातलं रावणानुग्रहाचं, म्हणजे रावण कैलास पर्वत हलवतो त्या प्रसंगाचं, शिल्प आहे. खाली खोल अंधारात रावण, जवळजवळ सुटाच कोरलेला. वर शंकर-पार्वती उजेडात. आणि मागे घाबरून पळणारी दासी इतकी उथळ की ती दगडातच शिरते आहे असं वाटावं. तिथे दगड हवा तेवढा होता, तरीही दासीला लांब पाठवायला त्यांनी उथळपणाच वापरला. हे तासभर बघितलं की माझं निम्मं बोलणं वाचतं.

मध्यंतरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारी यंत्रं, आली आणि आमच्या निम्म्या दरात वारी मिळू लागली. काही वास्तुविशारद तिकडे गेले, त्यातले काही परतही आले. यंत्राला करड्या छटांचं चित्र द्यायचं. पांढरं तितकं उंच, काळं तितकं खोल. त्याचं पातं वरूनच खाली येतं, त्यामुळे हातामागून आत शिरता येत नाही, आणि टोक गोल असलं की कोपराही बोथट होतो. चार दिवस वापरलेल्या साबणावरच्या नक्षीसारखा माल निघतो. पण यंत्राला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. लांबलचक वेलबुट्टीला तेच बरं, आणि जाड माल काढायला आम्हीही फळ्या बाहेर यंत्रावर पाठवतो. कडा मात्र हाताने.

भावाचा हिशेब त्यानंतर बदलला. आता इंचावर नाही, आकृत्या किती आणि आतून कोरायच्या जागा किती, त्यावर दर सांगतो. शिवाय अंदाजपत्रक देण्याआधी भिंतीचा फोटो मागतो, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा. समोरून ट्यूबलाइट पडली की आमची सगळी मेहनत सपाट! कारखान्यातही शेवटचा हात फिरवताना मोठे दिवे बंद करून एकच बल्ब बाजूला लावतो. चकचकीत पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश कोणी मागितलं तर स्पष्ट नाही म्हणतो, कारण सावलीच्या जागी चमक येते. खाचांत थोडा गडद रंग, वरून पुसून तेल, बस्स. सँडपेपरही कपाटात. कडा त्यानेच मरतात.

सध्या नाशिकच्या एका घराच्या जिन्यासाठी वारी चालू आहे. तिथे उजेड छतातल्या काचेतून थेट वरून येतो, त्यामुळे सावल्या बाजूला न पडता हनुवटीखाली आणि टाळांखाली पडणार. म्हणून या वेळी खडा उतार खांद्याच्या बाजूला न देता आकृतीच्या खालच्या कडेला दिला आहे, आणि पागोट्यांचे वरचे भाग जरा सपाट ठेवलेत, नाहीतर तेच तेवढे पांढरे चमकतील. पहिल्या दोन रांगा झाल्या आहेत. तिसरी किती उथळ ठेवायची, यावर माझं आणि आमच्या मिस्त्रींचं अजून जुळत नाही. ते अर्धं सूत म्हणतात, मी एक.