तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात काय घेऊन करू?

"घरातल्यांचं खाणं सुधारायचंय, पर्यावरणाचंही भान ठेवायचंय. सुरुवात काय घेऊन करू?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बैजवार उत्तर लिहायचं ठरवलं. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा खरेदीची यादी तयार असते: काचेच्या बरण्या, सेंद्रिय धान्य, कापडी पिशव्या, कुठल्याशा महागड्या बिया. मी त्यांना सांगते, आठवडाभर नवीन काहीच आणू नका. घरातून काय टाकलं जातंय, ते रोज एका कागदावर लिहा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अन्नाच्या नासाडीचा अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरांतून गेलं. माणशी सरासरी ७९ किलो. यात सालं, बिया, हाडंही धरली आहेत. तरी चार माणसांच्या घराचा हिशेब वर्षाला तीन क्विंटलच्या वर जातो. हे पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन सगळं पाण्यात, आणि वर कचऱ्याच्या ढिगाखाली हवा न मिळता ते कुजलं की मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

पण मला त्या कागदातलं खरं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्यावर काय काय असतं ते बघा. पिवळी पडलेली पालेभाजी, मऊ झालेली काकडी, डाग पडलेली फळं, उरलेला भात. बिस्किटांचा पुडा सहसा नसतो. म्हणजे तब्येतीसाठी म्हणून जे हौसेने आणलं, नेमकं तेच टाकलं जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते. अनेक घरांत तेवढी भाजी येते, फक्त ती पोटात जात नाही. म्हणूनच मी म्हणते, नासाडी थांबवणं आणि नीट जेवणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

पालेभाजीचंच बघा. ती पिवळी पडते त्याचं एक कारण शेजार. सफरचंद, पिकलेलं केळं, टोमॅटो यांतून एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने पानं लवकर पिकतात. एकाच कप्प्यात कोंबलं की पानं बिचारी दोन दिवसांत मान टाकतात. जुडी आणल्या आणल्या सोडा, सडकी पानं काढा, धुऊ नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून फळांपासून लांब ठेवा आणि शिजवायच्या वेळी धुवा. आणखी एक करा: फ्रिज उघडल्यावर नजरेसमोर येणारा कप्पा 'आधी हे संपवायचं' म्हणून राखून ठेवा. अर्धा कांदा, चिरलेली भाजी, कालची उसळ तिथे. तळाच्या कप्प्यात गेलेलं अन्न विस्मरणातच जातं.

दुसरी गोष्ट कडधान्यांची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. हरभरा, चवळी, राजमा, मसूर. प्रथिनं भरपूर, चोथा भरपूर, कोरडी असली की महिनोन्‌महिने टिकतात. या झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे त्यांना नत्राचं खत फार कमी लागतं. तब्येतीला आणि जमिनीला एकदमच मानवणारं असं दुसरं अन्न मला सांगता येणार नाही. मग रोजच्या जेवणात ती मागे का पडतात? कारण भूक लागल्यावर ती आठवतात, आणि तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाकीटच फोडलं जाणार. रात्री झोपण्यापूर्वी दोन मुठी जास्तच भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून टाका, ताज्या पाण्यात एकदम शिजवा, लागतील तेवढे घ्या आणि बाकीचे एका जेवणापुरत्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. राजमा मात्र चांगला खदखदून दहा मिनिटं तरी उकळला पाहिजे. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, त्याने उलट्या होतात, आणि मंद आचेच्या भांड्यात ते पुरतं नष्ट होत नाही. वाढताना वरून लिंबू पिळा, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागूनच चहा घेतला तर उलट होतं.

शिजवलेलं अन्न, विशेषतः भात, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. शिजवूनही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू भातात असतात, आणि ते खोलीच्या उबेत वाढीला लागतात. उरलेलं वापरा असं सांगताना हे न सांगणं मला बरोबर वाटत नाही.

"लांबून आलेलं खायचंच नाही ना?" असंही विचारतात. जवळचं ताजं मिळत असेल तर उत्तमच. पण २०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या शेतांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा अन्नामुळे होणाऱ्या, उष्णता धरणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण सहा टक्केच निघाला. विमानाने येणारा नाजूक माल सोडला, तर अन्न कुठून आलं यापेक्षा ताटात काय आहे याने जास्त फरक पडतो. मांस, विशेषतः गुरांचं, कमी करून त्या जागी कडधान्य आलं तर तो फरक मोठा असतो.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच प्रयोग सांगते. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार होणारं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हींत साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणून पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर दिसली की काय ते कळतं.

मुलं खात नाहीत, ही तक्रार घरोघरी. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला पटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं; खायचं का आणि किती, हे मुलाने. नवी चव रुळायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. दोनदा नाकारली म्हणून ती भाजी आणणं बंद करू नका. चमचाभरच वाढा, म्हणजे टाकलंही जात नाही.

आता पिशव्या. नवीन कापडी पिशवी घेण्याआधी घरातल्या मोजा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८च्या अभ्यासात प्लास्टिकच्या पिशवीच्या तुलनेत साध्या सुती पिशवीचा केवळ हवामानावरचा भार फिटायला ती निदान ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि पाणी वगैरे सगळे परिणाम धरले तर हजारो वेळा. आहेत त्याच वापरा, फाटली तर शिवा.

कंपोस्टचा डबा ज्यांना जागा आहे त्यांनी जरूर ठेवावा. सालं, देठं, चहाचा चोथा त्यात जाऊ दे. शिजवलेलं नको, त्याने उंदीर येतात. वास सुटला तर हवा कमी पडतेय असं समजा आणि वाळकी पानं किंवा कागदाचे तुकडे घालून वरखाली करा.