कोड स्ट्रोक : कॅज्युअल्टीतला माझा अनुभव
मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे, हॉस्पिटलचं नाव नको. काही वर्षांपूर्वी एक काका आले होते, सकाळी दाढी करताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, म्हणजे लकवा, ज्याला आम्ही स्ट्रोक म्हणतो. घरच्यांनी तेल चोळत न बसता दीड तासात आणलं, म्हणजे त्यांनी त्यांचं काम चोख केलं आणि पुढचा वेळ आम्ही घालवला. आधी केसपेपर, मग आरएमओ (ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर), मग त्यांचा फिजिशियनना फोन, मग मेंदूच्या सीटी स्कॅनला नंबर, मग रिपोर्टची वाट. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते घड्याळ लक्षणं दिसल्यापासून चालतं, आमच्या दारात आल्यापासून नाही. ती वेळ निघून गेली. काकांच्या हातात परत जोर आलाच नाही. तसं बघितलं तर कुणीच कामचुकारपणा केला नव्हता, जो तो आपलं उरकून पुढच्याची वाट बघत होता, तेच मला फार लागलं.

मग सरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं, म्हणजे सीटीचा टेक्निशियन, लॅब, फिजिओ मॅडम, वॉर्डबॉय मामा, गेटवरचे सिक्युरिटी पण. लिफ्टसाठी किती थांबावं लागतं ते मामांनी सांगितलं, आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. पहिले काही दिवस भांडणंच झाली. पण आता तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं बोबडं असा पेशंट दिसला की गेटवरूनच 'कोड स्ट्रोक' असा फोन जातो, मामा लिफ्ट धरून ठेवतात, टेक्निशियन टेबल रिकामं करतो, मी तोवर शुगर बघते कारण शुगर खूप उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं, आयव्ही (शिरेत सुई) लावते, बीपी १८५/११० च्या वर असेल तर लगेच सरांना सांगते कारण ते उतरवल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही, वजन विचारते कारण डोस वजनावर असतो. केसपेपर नंतर.

नातेवाईकांना मी एक प्रश्न दोनदा विचारते, शेवटचं नीट बोलताना-चालताना कधी बघितलं? "सकाळी उठले तर असे" म्हणाले तर वेळ सकाळपासून नाही, रात्री झोपले तेव्हापासून मोजायची.

आणि पाणी! मायेने कुणीतरी घोटभर पाजतंच, गिळायची ताकद गेलेली असली की ते फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. चमच्याने पाणी देऊन गिळणं कसं तपासायचं ते आता आम्ही सगळ्या सिस्टर शिकलोय, तोपर्यंत कॉटवर 'तोंडाने काही देऊ नका' अशी पाटी.

मागच्या पावसाळ्यात एका आजींना १०८ मधून आणलं, त्यातल्या डॉक्टरांनी वाटेतूनच कळवलं होतं, आजी दारात आल्यापासून ४० मिनिटांत इंजेक्शन सुरू झालं. रात्री मात्र अजून जमत नाही, टेक्निशियन घरून येतो आणि तेवढी मिनिटं जातातच. पुढच्या मीटिंगला मी हाच विषय काढणार आहे.