जागाही रिकाम्या, माणसंही रिकामी

"बाई, एक सांगा. आमच्या मुलीसारखी डी.एड., बी.एड. झालेली पोरं घरी बसलीयत आणि पेपरात रोज येतं, शाळांना शिक्षक नाहीत. मग घोडं अडतंय कुठे?"

चौथ्या मजल्यावरचे काका हे लिफ्टमध्ये विचारतात, तलावपाळीला फेऱ्या मारताना बायका विचारतात, परवा तर भाजीवालीनंही विचारलं. लिफ्टमध्ये उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते. शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी नोकरी गेली. शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख. (ठाण्यात राहून रोज कसारा लोकलनं जायचे. शिक्षकानं मुख्यालयी राहावं, असा नियम आहे, ठाऊक आहे मला. बोलणाऱ्यांनी बोलून घ्यावं.)

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. शिक्षकांचा तुटवडा म्हणजे शिकवणाऱ्या माणसांचा तुटवडा नव्हे. शाळेला माणूस मिळत नाही, मंजूर पद मिळतं. ते पद संचमान्यतेतून येतं, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर याच्या सरकारी हिशेबातून, आणि संचमान्यता पटावर, नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर ठरते. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. ६१ झाली की तिसरा.

आता हा ६१ चा आकडा जवळून बघा. २०२२-२३ मध्ये मुलं आधारवर वैध असतील तरच मोजायची असं ठरलं. माझ्या केंद्रातल्या एका शाळेचा पट होता ६२. त्यातल्या तिघांचं आधार जुळेना. एकाचं आधारवर नाव 'सोमा', दाखल्यावर 'सोमनाथ'. एकीची जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. तिसऱ्याचं आधारच नव्हतं. म्हणजे पोरं वर्गात मांडी घालून बसलेली, खिचडी खाणारी, पण कागदावर ५९. तिसरं पद जाणार! मग तिथले गुरुजी पोराला मोटारसायकलवर मागे बसवून शहापूरच्या आधार केंद्रावर. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी रांग. तिसऱ्या दिवशी बापाचा अंगठा हवा आणि बाप मजुरीवर. शिक्षकाचं पद वाचवायला शिक्षक चार दिवस शाळेबाहेर, आणि त्याचा वर्ग शेजारच्या बाईंच्या वर्गात कोंबलेला. दोघांचं जुळलं. तिसऱ्याचे आईबाप तोवर त्याला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघून गेले. कागदावर पट ६१. पद वाचलं.

आणि पद वाचल्यावर त्या पदावरचा माणूसच गेला. त्याला आंतरजिल्हा बदली मिळाली, गाव बीडकडचं. त्याला तरी नावं कशी ठेवू? म्हातारे आईबाप तिकडे, हा इकडे खोली करून राहिलेला. आमच्याकडे कित्येक जण बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात आणि रुजू झाल्या दिवसापासून परतीचा अर्ज डोक्यात घेऊन वावरतात. मागे उरते ती रिक्त जागा.

ती भरायची कधी? इथे खरा घोळ आहे. २०१२ च्या मे महिन्यात सरकारनं शिक्षकभरती थांबवली. २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी 'पवित्र' हे सरकारी पोर्टल आलं, त्याच वर्षाअखेर उमेदवारांची अभियोग्यता चाचणी झाली आणि निवडयादी लागली २०१९ मध्ये. पुढची चाचणी २०२३ मध्ये, त्यापुढची २०२५ मध्ये. आता बघा, सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख लिहिलेली असते. कोण कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्याअखेर निवृत्त होणार, हे तो रुजू होतो त्या दिवशीच ठरलेलं असतं. तरी दर जूनमध्ये रिक्त जागा पाहून सगळे दचकतात, जणू रात्रीत चोरी झाली.

पैशाचं म्हणाल तर तो नाही असं नाही, तो कायमच्या पदावर घालायचा नाही. २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर, मग वेतनश्रेणी. प्राथमिकला हे मानधन बरीच वर्षं ६,००० होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झालं. शहापूरला नेमणूक मिळालेल्या पोरीनं आसनगावात खोली घ्यायची, तिथून जीपनं पाड्यावर जायचं, घरी पैसे पाठवायचे आणि हे सगळं १६,००० त. मी ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले. जुलैत शासननिर्णय आला की रिक्त जागांवर तात्पुरते निवृत्त शिक्षक घ्यावेत, महिना २०,००० देऊन. मलाही फोन आला. माझं पेन्शन चालू, गुडघे कुरकुरत होते, तरी मला २०,००० आणि चाचणी पास होऊन आलेल्या तिशीतल्या मुलीला १६,०००. मी नाही म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. कसाऱ्याच्या गर्दीत पुन्हा चढायचं त्राण नव्हतं.

मला विचाराल तर दरवर्षी निवृत्तीच्या यादीवरून भरती काढावी आणि तिचा खर्च अर्थसंकल्पात आधीच धरावा. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तोच आकडा पुन्हा लिहिला. लिहायला काय जातं! शिवाय जे आहेत त्यांना तरी वर्गात राहू द्या. जनगणना, निवडणूक, आपत्ती एवढं सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये, असं कायदा म्हणतो. पण त्या निवडणुकीच्याच नावाखाली द्विशिक्षकी शाळेतला एक जण मतदारयाद्या घेऊन पाड्यापाड्यांवर फिरत असतो आणि दुसरा पहिली ते पाचवी एका खोलीत सांभाळत, मधेच मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरत असतो.

काकांची मुलगी सध्या घोडबंदर रोडच्या एका खासगी शाळेत शिकवते. २०२५ ची चाचणी तिनं दिलीय. परवा लिफ्टमध्ये भेटली. पोर्टलवर पसंतीक्रम भरायची वेळ आली की ठाणे जिल्हा परिषदच पहिली टाकणार, म्हणाली. मी आपलं "छान" म्हटलं. तळमजला आला तशी दार धरून थांबली.

"बाई, कसाऱ्याच्या गाडीत बसायला जागा कुठून मिळते हो, ठाण्यावरून की आधी उलटं दादरला जावं लागतं?"