अॅल्युमिनियमपाशी अडणारं प्रात्यक्षिक

दहावीच्या मुलांकडून इंदूरमध्ये विस्थापनाचं प्रात्यक्षिक करून घेताना माझं डोकं फिरतं ते एकाच ओळीवर, अॅल्युमिनियमच्या. गाइडमध्ये धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीबद्दल (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली) छापलेलं असतं, ‘श्रेणीत वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो.’ पुढे अवाक्षर नाही. मुलं त्यावरून अंदाज लिहितात, मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी सोडतात आणि तास संपला तरी पट्टी चकचकीतच. मग कुणी खोडून ‘अभिक्रिया नाही’ लिहितं, कुणी न दिसलेलं तांबं वहीत उतरवतं. मला दोन्ही चालत नाही.

द्रावण 5 ग्रॅम मोरचूद आणि 100 मिलि डिस्टिल्ड पाण्याचं. बोअरचं जड पाणी घेऊ नका, गढूळ होतं. जस्त आणि लोखंड निमूट चालतात. जस्तावर आधी काळपट थर धरतो, तेही तांबंच. कण फार बारीक असल्यामुळे तसं दिसतं.

आता अॅल्युमिनियम. आकडे बघा: प्रमाण विभव (जितकं जास्त ऋण, तितका धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो) जस्ताचं −0.76 व्होल्ट, अॅल्युमिनियमचं −1.66, तांब्याचं +0.34. म्हणजे अॅल्युमिनियमने जस्ताच्याही पुढे धावायला हवं. श्रेणी खोटी नाही. अडवतो तो पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर. द्रावण खालच्या धातूपर्यंत पोचतच नाही. पॉलिश पेपरने घासून फारसा उपयोग होत नाही, कारण हवा लागताच थर पुन्हा धरतो.

उपाय स्वयंपाकघरातला. 50 मिलि द्रावणात लहान चमचाभर मीठ विरघळवा. क्लोराइड आयन तो थर जागोजागी फोडतात. थोड्या वेळात पट्टीवर लालसर तपकिरी ठिपके, मग बुडबुडे, आणि पट्टी विरून तळाशी तांब्याचा गाळ. शेजारी बिनमिठाची नळी ठेवाच, नाहीतर मुलांना मीठच अभिक्रिया करतंय असं वाटतं. बुडबुडे हायड्रोजनचे आहेत आणि द्रावण चांगलंच तापतं, म्हणून बूच लावू नका, फॉइल दोन बोटांएवढंच घ्या.

वहीत मी असं लिहायला लावते: अंदाज, होईल. निरीक्षण, मीठ घालेपर्यंत नाही. कारण, ऑक्साइडचा थर. याला कुणी गुण कापले तर मी भांडायला तयार आहे. श्रेणी अभिक्रिया शक्य आहे का ते सांगते, किती लवकर होईल ते नाही. शिसंही विरल सल्फ्युरिक आम्लात असंच अडतं, तिथे न विरघळणारं लेड सल्फेट त्याला झाकून टाकतं.

लोखंडासाठी लागणाऱ्या खिळ्यांचं राहिलं. सियागंज बाजारातून आणताना साधे लोखंडी मागा. गॅल्वनाइज्ड असले तर आधी जस्तच काम करतं आणि लोखंडाच्या क्षाराचा फिकट हिरवा रंग येत नाही. उरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका; त्यात स्टील वूल टाकून निळेपणा जाईपर्यंत ठेवा आणि गाळ वेगळा काढा.