आप्पांचा उजवा हात

खूप दिवसांनी लिहितेय. गेल्या पावसाळ्यात आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आमचं घर ज्यांना माहितीये त्यांना कळेल उजवी बाजू म्हणजे काय ते. सांगलीत आमचा गणपतीचा कारखाना, आजोबा चाकावर मडकी-पणत्या करायचे, आप्पा शाडूचे गणपती करतात. सोंड, दागिने, पितांबर पोरं रंगवतात पण डोळ्यांची आखणी आप्पांचीच, तिथं ते कुणाला हात लावू देत नाहीत, श्वास धरायचा आणि एका ओढीत भुवई.

मिरजेत ॲडमिट केलं. आमच्याकडं काही झालं की मिरजच. शेजारच्या बेडवर एक रिटायर्ड मास्तर होते आणि त्यांच्या सोबतीला त्यांची बायको, ख्रिश्चन, मिरजेत ख्रिस्ती घरं जुनी आहेत, डॉ. वान्लेस यांच्या मिशन दवाखान्याच्या काळापासूनची. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. रात्री लाईट कमी केल्या की त्या मास्तरांच्या कपाळावर हात ठेवून पुटपुटायच्या, आणि ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं, की बाबा हे तुझ्याच हातचं काम हाय, टाकू नको.

मला गंमत वाटली, कारण मी तिसऱ्या दिवसापासून गणपतीशी व्यवहारच करत होते, एवढं चाललेत तर एवढे उपवास, पायी येते, हे देते ते देते. मावशींचं तसलं काही नाही, नवस नाही, पुण्याईचा हिशेब नाही, फक्त 'तू केलंस ना, मग बघ आता'.

सकाळी विचारलं तर म्हणाल्या, बायबलातल्या स्तोत्रसंहितेतल्या 138 व्या स्तोत्राची शेवटची ओळ आहे ती. मग बायबलातल्याच ईयोबाचं सांगितलं. पोरंबाळं गेली, जनावरं गेली, अंगभर फोडं, राखेत बसलेला माणूस, आणि तो दहाव्या अध्यायात देवाला सरळ म्हणतो की तूच मला मातीसारखं घडवलंस आणि आता परत मातीत घालवतोस का, दुधासारखं ओतलंस, विरजून घट्ट केलंस, हाडं-शिरा विणून वर कातडं चढवलंस, एवढं सगळं कशाला केलंस मग. आप्पा पडल्या पडल्या ऐकत होते. बोलणं तेव्हा जड होतं त्यांचं, डाव्या हाताची दोन बोटं उचलून काहीतरी म्हणाले, मला नीट कळलं नाही, 'बरोबर' एवढंच कळलं.

मला 2019 चा पूर आठवला. ऑगस्टचा पहिला आठवडा, सगळ्यांचं एकच, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती झालं? 45 फुटाला धोक्याची पातळी आणि पाणी 57 च्या वर गेलं, मारुती चौकात बोटी. गणपती 2 सप्टेंबरला, म्हणजे माल जवळजवळ तयार होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर आत चिखलाचा एक थर आणि त्यात पाट आणि काथ्या, बस. आप्पा खाली बसून काथ्या वेचत होते, कशाला ते त्यांनाच माहीत. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की आप्पा नाहीतरी महिन्याभरानं पाण्यातच जाणार होते की. असले चिडले! "इसर्जन येगळं आनि हे येगळं. कुनाच्या घरात बसला न्हाई, आरती झाली न्हाई, पोरांनी मोदक खाल्ले न्हाईत. ह्येला काय इसर्जन म्हंत्यात?"

करणाऱ्याला असं लागतं. मावशींची प्रार्थना तिथंच बोट ठेवते असं मला वाटतं.

पण दुसरी बाजूपण आमच्याच जातीतली आहे. आजी गोरोबाकाकांची गोष्ट सांगायची, माती तुडवताना नामात एवढे रंगले की पोटचं पोर पायाखाली आलेलं कळलं नाही. लहानपणी मला ती गोष्ट आवडायची नाही, अजूनही नाही आवडत, पुढं लेकरू परत मिळतं तरी नाही. दवाखान्यात ती फार आठवली. घडवणाऱ्याचं पायाखाली लक्ष नसेल तर? तर मग ओरडायलाच पाहिजे ना.

ईयोबाला तरी कुठं कारण सांगितलं देवानं. वादळातून उलट त्यालाच विचारलं, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास. राऊंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरसारखं झालं हे, आपण काय विचारतो आणि ते काय सांगतात. पण शेवटी देव चिडतो तो ईयोबावर नाही, 'तुझंच काहीतरी पाप असणार' म्हणून समजवायला आलेल्या त्याच्या मित्रांवर. हे मावशींनी सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं हसले, कारण आदल्याच दिवशी आमचे पाहुणे केळी घेऊन आलेले आणि पितृदोष काढून गेलेले.

मास्तर आमच्या आधी घरी गेले, काठी टेकत. मावशी जाताना आप्पांना सलाम म्हणाल्या.

आता आप्पा रोज सकाळी कारखान्यात बसतात. उजवा हात मांडीवर, डाव्यानं काम. परवा वीतभर गणपती केला, एक डोळा जमलाय, दुसऱ्याची भुवई पार कानाकडं गेलीये. फसलेला माल आम्ही पिंपात भिजत टाकतो, माती परत वापरता येते, मी सवयीनं उचलला आणि पिंपाकडं निघाले तर मागनं आवाज आला, स्पष्ट, "अगं ठेव तो. मी केलाय."

टीव्हीवर ठेवलाय, औषधाच्या डब्याशेजारी.